चव्वेचाळीस मण वारा

नंदुरबार, रविवार, ९ जानेवारी १९३८

मिरचीचा हंगाम भरात आहे. गावाबाहेरची सगळी मोकळी जमीन लाल झाली आहे आणि तिच्यावरून येणारा वारा पहाटेपासून माझ्या नाकाशी भांडतो आहे. आज दुपारपर्यंत एकोणीस शिंका झाल्या. विज्ञानशिक्षकानं मोजमाप सोडू नये.

शिंकत शिंकतच घेवरचंद शेठजींच्या वखारीवर गेलो. शेठजी मिरचीचे मोठे व्यापारी, शिवाय आमच्या शाळेचे आश्रयदाते. त्यामुळे त्यांनी बोलावलं की मास्तरांना वेळ असतोच. स्टेशनाजवळ ते धर्मशाळा बांधताहेत. चुन्यासाठी नाल्याकाठची पांढरी चुनखडी खणून आणवली आहे. ती भाजणार बशीरमियाँ. तीन पिढ्या त्यांची भट्टी शेठजींच्याच जमिनीवर आहे, आणि गावातली देवळं, मशीद, शाळा सगळी त्यांच्या चुन्यात उभी आहेत. करार सोपा: शेठजींनी शंभर मण दगड द्यायचा, बशीरमियाँनी निघेल तेवढा चुना परत द्यायचा.

वखारीत मजा पाहिली. शेठजींच्या पत्नी उमरावबाई, पक्क्या जैन, दगडांना आंघोळ घालून घेत होत्या. या चुनखडीला भोकं फार. आत एखादी मुंगी बसलेली असली आणि भट्टीत भाजली गेली, तर धर्मशाळेचं पुण्य तिथंच जळायचं. म्हणून प्रत्येक दगड आधी मऊ पुंजणीनं झाडायचा, मग गाळलेल्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचा, वर आलेल्या मुंग्या पानावर उचलून कुंपणाशी सोडायच्या, आणि दगड निथळता निथळता काट्यावर चढवायचा. उरलेलं पाणी पुन्हा ज्या विहिरीतून काढलं त्याच विहिरीत. एवढी आंघोळ आमच्या चौथीच्या वर्गाला मिळाली असती, तर मला नाकाचं दुःख फक्त मिरचीपुरतं राहिलं असतं.

बशीरमियाँ हात बांधून उभे होते. म्हणाले, "बाई, दगडले थंडी वाजी जाई."

उमरावबाई हसल्या नाहीत. तोलणारा चुडामण हसला आणि त्याचा आकडा चुकला; मग पुन्हा पहिल्या मापाला एकऐवजी "लाभ" म्हणून पहिल्यापासून तोललं. शंभर मण भरले.

शेठजींनी विचारलं, "मास्टरजी, यातून चुना किती निघेल? पुस्तकात काही लिहिलंय?"

मला याहून गोड प्रश्न गेल्या सोळा वर्षांत कुणी विचारला नव्हता. खिशातून खडू काढला आणि वखारीच्या दारावर मांडलं. चुनखडीत कॅल्शियम चाळीस, कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, बेरीज शंभर. भाजल्यावर कळीचा चुना उरतो: चाळीस आणि सोळा, छप्पन्न. डावीकडे जेवढे अणू तेवढेच उजवीकडे, ना एक कमी, ना एक जास्त. शंभर मणाला छप्पन्न मण. खाली दोन रेघा ओढल्या.

दारासमोर वीसेक माणसं जमली होती. आयुष्यात प्रथमच माझं गणित कुणी जांभई न देता पाहिलं.

मंगळवार, ११ जानेवारी

शेठजींची झोप उडाली आहे. छप्पन्नाबद्दल तक्रार नाही. उरलेल्या चव्वेचाळिसांबद्दल आहे.

"मास्टरजी, चव्वेचाळीस मण जातात कुठं?"

"हवेत. वायू होऊन."

"चव्वेचाळीस मण हवा? हवेला वजन असतं? मग मी मिरची तोलतो तेव्हा हवा पण तोलतो काय?"

चुडामणनं काट्याचं रिकामं पारडं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. म्हणाला, "शेठ, आते तरी नही दिसत."

मी शाळेतून चुन्याची निवळी आणली आणि शेठजींना नळीतून फुंकायला लावलं. पाणी दुधासारखं झालं. म्हटलं, तुमच्या श्वासात आहे तोच वायू दगडात कोंडलेला असतो. आग त्याला मोकळा करते. शेठजींनी ते दूध उजेडाशी धरून फिरवून पाहिलं. शेवटी त्यांना त्यांच्या धंद्यातला दाखला सापडला.

"म्हणजे मिरचीची घट. ओली आणली चार मण, वाळून भरते एक मण."

"अगदी तसंच."

"मग असं मारवाडीत सांगायचं ना! घट आहे म्हणा. चव्वेचाळीस टक्के घट." एवढं म्हणून त्यांनी चव्वेचाळीस मणांवर पाणी सोडलं. अशी मान्यता मला कॉलेजातही मिळाली नव्हती. खूश होऊन शेठजींनी मुंबईहून शाळेसाठी काचेच्या पेटीतला रासायनिक तराजू मागवायचं कबूल केलं.

काचेच्या पेटीतला! केस ठेवला तर केसाचं वजन दाखवतो. रात्रीचं जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "आपल्या लग्नाच्या वेळी तर दोनदा भात घेतला होतात."

बुधवार, २६ जानेवारी

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. शाळा तपासायला साहेब आले, शिंकले, गेले.

आज बशीरमियाँची भट्टी उघडली. संध्याकाळी पत्र्याचा डबा घेऊन गेलो. शाळेतली निवळी संपली आहे, ताजा कळीचा चुना हवा होता. बशीरमियाँ राखेतून ढेकळं निवडत होते. डबा पाहून घुटमळले.

"मास्तर, माल शेठना शे. उद्या तोल व्हणार."

"शाळेचं काम आहे. शेठजी शाळेचेच आहेत. एका डब्यानं काय व्हायचंय?"

त्यांनी डबा भरला आणि आपल्या लहान काट्यावर ठेवला. अडीच शेर. म्हटलं, "एवढ्याला काय तोलायचं?" म्हणाले, "हातनी सवय शे. बिगर तोल काही जात नही."

अडाण्यांना असल्या बारकाव्यांची भारी हौस.

गुरुवार, २७ जानेवारी

बावन्न मण.

चुडामणनं दोनदा तोललं. बावन्न. दारावर माझे छप्पन्न अजून तसेच होते, दोन रेघांसकट.

शेठजी दाराकडे पाहत होते, मग माझ्याकडे, मग बशीरमियाँकडे. म्हणाले, "चव्वेचाळीस मण हवेनं नेले, ते मास्टरजींनी मला दाखवले. हे चार कुणी नेले?"

बशीरमियाँ म्हणाले, "जेवढा निंघना तेवढा आना, शेठ."

"गणित छप्पन्न सांगतं."

"मन्ही भट्टीले गणित येत नही."

कुणीतरी हसलं. मग शेठजींनी हळू आवाजात सांगितलं की सहा तारखेच्या रविवारी बाजारातले पंच बसतील. तोवर चार मणांचा ठावठिकाणा लागला नाही, तर बशीरनं भट्टी उचलावी आणि दुसरी जागा बघावी. भट्टी उचलावी म्हणजे काय? ती काय ट्रंक आहे? आणि चोरीचा शिक्का बसलेल्या चुनेवाल्याला या जिल्ह्यात दुसरी जागा कोण देणार?

जाताना बशीरमियाँनी एकदा माझ्याकडे पाहिलं, तेही सहज. मी दारावरच्या अक्षराकडे पाहत होतो. अक्षर चांगलं आलं आहे.

शनिवार, २९ जानेवारी

गणित पाच वेळा तपासलं. चूक नाही.

दगडात माती मिसळली असेल म्हणावं, तर माती जळत नाही. ती असती तर वजन छप्पन्नाच्या वर गेलं असतं. दगड कच्चा राहिला असेल म्हणावं, तरीही वजन वरच जातं. सगळ्या शंका वरच्या बाजूच्या, आणि वजन पडलं आहे खाली. म्हणजे माणूसच उरतो. शास्त्राला इलाज नाही.

हे मी हिला समजावून सांगत होतो. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बशीरभाईंनी आपल्या घराला चुना लावला तेव्हा उरलेलं मडकं परत आणून दिलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, ठेवा तुमच्याकडे, तर ते ठेवेनात."

"भावना आणि पुरावा यांत फरक असतो."

"हो ना. मडकं पुरावा होतं."

दुपारी बशीरमियाँच्या पत्नी जन्नतबी दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या.

"मास्टरसाब, एकही बात पूछनी है. चोरी करनी होती, तो बचे चुनेपर चार मन पानी नै छिडक देते क्या? चुना पानी पी जाता, ऊपर से सूखा का सूखा. काटा पूरा, शेठ खुश. मेरे मियाँ को इतनी अक्कल है. नियत नै है."

आणि निघून गेल्या.

मी कागद पुढे ओढला. कळीचा चुना छप्पन्न, पाणी अठरा, मिळून विरलेला चुना चौऱ्याहत्तर. पुढच्याच पानावरचं समीकरण. सोळा वर्षं शिकवतो आहे. चोराला हे समीकरण केवढं सोयीचं आहे, हे मला एका बाईनं उंबऱ्याबाहेरून सांगितलं.

म्हणजे माणूस चोर नाही. मग चार मण कुठं आहेत?

खरं लिहायचं तर आणखी एक विचार मनात आला. गणित चुकलं असं कबूल केलं, तर काचेच्या पेटीचं काय? हा विचार मी लगेच झटकला. लगेच म्हणजे चहा होईपर्यंत.

मंगळवार, १ फेब्रुवारी

सापडलं! आणि सापडलं कुठं, तर या वहीत.

माझ्याच विद्वत्तेचा दिवस पुन्हा वाचावा, मनाला जरा उभारी येईल, म्हणून नऊ तारीख उघडली. दगडांच्या आंघोळीवर मी केलेला विनोद वाचून स्वतःच हसलो. दुसऱ्यांदा वाचला आणि एका ओळीवर अडलो. "निथळता निथळता काट्यावर." भोकं असलेला दगड, टाकीत बुडवून ठेवलेला, आणि ओलाच तोललेला. शंभर मण दगड तो नव्हताच. काही मण उमरावबाईंचं गाळलेलं पाणी होतं! भट्टीत ते आधी वाफ होऊन गेलं असणार.

आणि हे कुणाच्या वखारीत? ज्या शेठजींना मिरचीत नुसतं बोट खुपसून कळतं की ही आज वाळली की उद्या वाळेल, त्यांच्या. आणि कुणाच्या डोळ्यांदेखत? नको, ते लिहीत नाही.

पुढची पानं वाचायची गरज पडली नाही. वही मिटली आणि हिला सांगितलं. म्हणाली, "मग इथं काय बसलात?"

"शेठजींना सांगायचं म्हणजे त्यांच्या पत्नीच्या धर्माचरणामुळे घोटाळा झाला असं सांगायचं."

"आणि तुमच्या विनोदाचरणामुळे नाही वाटतं?"

या बाईला लग्नानंतर मी चार इयत्ता शिकवल्या. बहुधा दोन जास्त झाल्या.

बुधवार, २ फेब्रुवारी

थेट उमरावबाईंकडेच गेलो. शेठजी बाजारात असतील अशी वेळ साधून. (धैर्यालाही वेळापत्रक असतं.) त्याच नाल्याकाठचे दगड अंगणात शिल्लक होते. म्हटलं, बाईसाहेब, त्या दिवशीसारखे मणभर दगड पुन्हा धुवून द्याल का? का, ते सांगायला मी तीन वाक्यं जुळवून नेली होती. पहिल्या वाक्यातच त्यांनी मला थांबवलं.

"मास्टरजी, ओला पापड आणि वाळलेला पापड एका वजनाचे असतात काय?"

"नाही."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? तुम्ही तर तिथंच उभे होतात. हसत होतात."

बाई हळू बोलतात, पण नेम चुकत नाही. त्यांनी स्वतः बसून दगड धुतले, निथळवले, चुडामणला बोलावून बरोबर एक मण तोलून घेतले. मग दगड मिरची वाळत घालायच्या पथारीवर कोरड्या जागेत उन्हात मांडले. राखण चुडामणची. मी रोज जाऊन शिंकतो.

रविवार, ६ फेब्रुवारी

पंच वखारीच्या ओट्यावर बसले होते. बशीरमियाँ खाली उभे, अंगात धुतलेला सदरा. जन्नतबी रस्त्यापलीकडे, कडुलिंबाच्या सावलीत. गर्दी नऊ तारखेपेक्षा दुप्पट होती. गणितापेक्षा माणसाची फजिती पाहायला लोक जास्त येतात; इथं दोन्ही होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "गणित बरोबर आहे. मास्तर चुकला." हे वाक्य मी घरून पाठ करून नेलं होतं, तरी "मास्तर" या शब्दावर शिंक आली आणि ते दोनदा म्हणावं लागलं.

चुडामणनं चार दिवस वाळलेले ते मणभर दगड आणले आणि सर्वांसमोर तोलले. चाळीस शेरांचे सदतीस शेर तीन छटाक भरले.

मी दारावरचे छप्पन्न पुसले. शंभर मण ओल्या दगडात कोरडा दगड ब्याण्णव मण अडतीस शेरांच्या आसपास. त्याचे शंभराला छप्पन्न. मांडलं, गुणलं, आणि खाली लिहिलं: बावन्न मण अडीच शेर.

पडद्याआडून उमरावबाईंचा आवाज आला, "दगड मी ओले दिले होते. ज्याला चोर म्हणायचं त्यानं आधी मला म्हणावं."

शेठजी उठले. ओट्यावरून खाली उतरले. तीस वर्षांत त्यांना मालाच्या ढिगाशिवाय कशासाठी खाली उतरताना कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. "बशीरभाई," ते म्हणाले, "मिरची असती तर मी ओली तोललीच नसती. दगडाला मी कोरडा समजलो. भट्टी जिथं आहे तिथंच राहील. तुमच्या नातवांपर्यंत राहील."

बशीरमियाँनी मान हलवली. लिंबाखाली जन्नतबींनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला, जणू मिरचीचा वारा लागला.

पण घेवरचंद शेवटी घेवरचंद. पुन्हा दाराकडे पाहिलं. "मास्टरजी, बावन्न मण अडीच शेर लिहिलंय. आले बावन्न. हे अडीच शेर?"

बशीरमियाँनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वारा, शेठ. भट्टीवर वारा भलता शे."

"वारा," शेठजी म्हणाले. "चव्वेचाळीस मण नेतो, तर अडीच शेर काय." सगळे हसले. मीही हसलो आणि समजावलं, की प्रयोगात एवढी किरकोळ तफावत येतेच. शास्त्रात तिला दोष मानत नाहीत.

घरी येताना बशीरमियाँ बरोबर होते. माझं गणित किती नेमकं निघालं, हे मी त्यांना वाटभर सांगितलं. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं.

रविवार, १३ फेब्रुवारी

सकाळी ही म्हणाली, "तुळशीवृंदावनाला हात फिरवायचाय. तुम्ही भट्टीवरून आणलेला चुना कुठंय?"

"शाळेच्या कपाटात. चिमूटभरसुद्धा संपला नाही. उद्या आणतो."

"किती आहे?"

"अडीच—"

तोंड उघडंच राहिलं. हिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझा कोट आणि टोपी आणून पुढे ठेवली.

सव्वीस जानेवारीचं पान वाचलं. "एवढ्याला काय तोलायचं?" असं मी विचारलं होतं. बशीरमियाँनी दहा दिवस चोर म्हणवून घेतलं, भट्टी जायची वेळ आली, तरी मास्तरचं नाव तोंडावर येऊ दिलं नाही. आणि मी त्यांना वाटभर नेमकेपणा शिकवला.

शाळा उघडून डबा घेतला. आधी भट्टीवर गेलो. बशीरमियाँ म्हणाले, "राहू द्या ना मास्तर. पोरंसले शिकाडासाठी नेल व्हता." म्हटलं, नाही, चला. ते यायला तयार नव्हते. जन्नतबी म्हणाल्या, "जाव जी. मास्टरसाब को अकेले मत छोडो, रस्ते में फिर कुछ गिनती करेंगे."

शेठजींच्या ओट्यावर डबा ठेवला आणि सगळं सांगितलं. न शिंकता. म्हटलं, ते अडीच शेर वाऱ्यानं नेले नव्हते, मी नेले होते. बशीरमियाँ मला झाकत होते. तराजूचंही सांगून टाकलं: मागवला असेल तर परत पाठवा.

शेठजी गंभीर झाले. डबा चुडामणकडे सरकवला. "तोल."

चुडामणनं डबा पारड्यात उलटा केला. अठरा दिवसांपूर्वी ढेकळं होती. आता सैल झाकणाच्या डब्यातून पिठासारखा भुगा पडला. "लाभ," चुडामण म्हणाला. वजनं चढवत गेला, मग कपाळाला आठ्या घालून पुन्हा तोललं.

"शेठ, तीन शेर पाच छटाक."

"किती नेला होता?"

"अडीच," बशीरमियाँ म्हणाले. "मी सोता तोलना व्हता."

शेठजींनी भुग्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मिशीत काहीतरी हललं.

"अडीच शेर नेला, तीन शेर पाच छटाक परत आणला. मास्टरजी, तुमच्यासारखा चोर माझ्या वखारीत रोज यावा!"

हवेतलं पाणी! छप्पन्नाला अठरा! अडीचला चौऱ्याहत्तरनं गुणून छप्पन्ननं भागलं, की अगदी छटाकापर्यंत... वखारीचं दार समोरच होतं, कोरं, पुसलेलं. माझा हात खडूसाठी खिशात गेला.

बशीरमियाँनी तो खिशातच धरला, आणि आम्ही ओटा उतरून रस्त्याला लागेपर्यंत सोडला नाही.